मला ठसका लागला नाही

आमची माय संध्याकाळी आम्हाला जवळ घेत नसे. बाई कडक होती असं कोणाला वाटेल, पण तसं नव्हतं. तिचे हात मिरचीचे असत.

कोरीटहून सकाळी एक टेम्पो निघायचा. गावातल्या बायका त्यात उभ्यानं नंदुरबारच्या बाहेर मिरचीच्या पथारीवर जायच्या. पथारी म्हणजे उघडं रान, त्यावर नजर पोचेल तिथपर्यंत ओली लाल मिरची वाळत घातलेली. बायका कडेनं रांगेत बसतात आणि वाळलेल्या मिरचीचे देठ खुडतात. दुपारपर्यंत हाताला काही कळत नाही. घरी आल्यावर कळतं. पाणी लागलं की आणखी पेटतं, म्हणून आधी तेल चोळायचं, मग राख, मग ताक असेल तर ताक. माझा भाऊ लहान होता. माय दारात दिसली की तो धावत सुटायचा आणि ती दोन्ही हात डोक्यावर धरून उभी राहायची. "थांब रे, हात धोई लेऊ दे." तो थांबायचा नाही. तिच्या गुडघ्यांना मिठी मारायचा. हात न लावता मिठी कशी मारून घ्यायची हे आमच्या मायला पक्कं जमत होतं.

आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पाठ जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलताना गेली. त्यानंतर जड काम बंद झालं. मिरचीच्या हातानं पीठ मळता येत नाही, म्हणून भाकरी आबाच थापत. गल्लीतले लोक हसायचे. भाकरी गोल होत नसत हेही खरं. आबा म्हणत, "पोटमा गई का कोन देखस गोल शे का चौकोनी शे."

मी आठवीपासून सुट्टीत पथारीवर गेले. अकरावी-बारावीला रविवारी जायचे. पहिल्या दिवशी माझ्या नाकाडोळ्यांतलं पाणी थांबेना. रडूही आलं. माय शेजारी बसून खुडत होती, तिनं वरही पाहिलं नाही. "रडू नको. हात मिरचीना शेतस, डोया पुसशी तं मरशी." तेव्हापासून मी रडताना डोळे पुसत नाही. काही महिन्यांत मला मिरची लागेनाशी झाली. नाकाला कळायचंच नाही. आमच्या घरात कोणालाच ठसका लागत नाही. लोक म्हणतात, तुमच्या दारावरून गेलं तरी शिंका येतात. आम्हाला वाटायचं, थट्टा करतात.

हे मी कीव यावी म्हणून लिहीत नाही. आम्ही कष्टाचं खाल्लं आणि कोणापुढं हात पसरला नाही, मिरचीचाही नाही. पण पुढं जे झालं ते यातूनच झालं.

बारावी सायन्स मी चांगल्या गुणांनी पास झाले. प्रवेश परीक्षा दिली आणि शहाद्याकडच्या एका फार्मसी कॉलेजात माझा नंबर लागला. प्रवेशाच्या फेऱ्या इतक्या लांबल्या की दिवाळी उलटून गेली, पथारीवर नवी मिरची पडली, तेव्हा कुठं वर्ग सुरू होणार असं कळलं. कोरीटहून रोज जाणं होत नव्हतं. आधी नंदुरबार, तिथून प्रकाशामार्गे दुसरी बस. पोचेपर्यंत सकाळचे तास संपलेले असते. म्हणजे होस्टेल मिळालं तरच कॉलेज, हे घरात सगळ्यांना स्वच्छ माहीत होतं.

फुईलाही माहीत होतं. फुई म्हणजे आबांची बहीण, एकुलती एक. आबांची पाठ गेली तेव्हा आमच्या घरात धान्य तिनं आणून टाकलं होतं, म्हणून तिच्या शब्दाला वजन होतं. तिनं माझ्यासाठी विसरवाडीचा एक मुलगा पाहून ठेवला होता. हायवेवर त्याचं स्वतःचं टायरचं दुकान. वाईट स्थळ नव्हतं, मी खोटं बोलणार नाही. प्रवेशाचं कळल्यावर ती आली आणि ओट्यावर बसून आबांना म्हणाली, "पोरले शिकाडीसन काय करशी? परकी जागा, परक्या पोरी. उद्या काही व्हयनं तं टायरवाला बी हातमाईन जाई."

आबांना तिला नाही म्हणवेना आणि मलाही नाही म्हणवेना. ते म्हणाले, "जाऊ दे तिले. एक बी तक्रार उनी तं मी सोता तिले घर लई इसू. मंग तू म्हनशी तसं."

"शब्द देस का?"

"देस."

मी चुलीजवळ बसून ऐकत होते. मला त्या शब्दाची भीती वाटली नाही. माझी तक्रार कोण करणार आणि कशाबद्दल? शाळेत कधी कोणी केली नव्हती.

मायनं माझ्यासाठी गोधडी शिवली. तिच्या जुन्या लुगड्यांची, दुहेरी, जाड. धुतली आणि पथारीवर वाळत घातली. आमच्या गल्लीत ऊन अर्धा दिवस येतं, पथारीवर दिवसभर. बायका आपापलं जाड कापड तिथंच एका कडेला दगडांखाली दाबून वाळवतात. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. वाऱ्यानं मिरचीची बारीक भुकटी उडते आणि कापडात बसते, हे आज मी सांगू शकते. तेव्हा मायला ती दिसली नाही आणि मला तिचा वास आला नाही.

रविवारी दुपारी आबांनी मला होस्टेलला सोडलं. पत्र्याची पेटी खोलीत ठेवली, पंख्याचं बटण चालू-बंद करून पाहिलं आणि गेले. खोलीत तीन खाटा होत्या. एक माझी. दुसरी धडगावच्या मुलीची. ती घरी पावरी बोलायची आणि आमच्याशी तोलून-मापून मराठी. तिसरी नवापूरच्या किराणा दुकानदाराच्या मुलीची. राजस्थानकडून पिढ्यांमागं आलेलं घर ते. तिला सोडायला वडील, आई, काका, सगळे गाडीनं आले होते. तिच्याकडे विकतची गादी होती, खाकऱ्याचे डबे होते. ती बोलकी होती. मला म्हणाली, "खाकरा घे. हॉस्टेलमध्ये पहिल्या दिवशीच मैत्री करून घ्यायची, मग साबण उसना मिळतो."

मी हसले. एक खाकरा घेतला. आणि मग अंथरूण घालायला गोधडी पेटीतून काढली.

गोधडी झटकताना आमच्याकडे तोंड घरात ठेवतात. दुसऱ्याच्या उंबऱ्याकडे धूळ झटकू नये. बाहेर व्हरांडा होता, समोर दुसऱ्या खोल्या. म्हणून मी खोलीच्या आत तोंड केलं आणि दोन्ही टोकं धरून जोरात झटकली. वर पंखा चालू होता.

पहिल्यांदा धडगावची शिंकली. मी म्हटलं, "धूळ आहे, बस जरा." मग नवापूरची खोकायला लागली. मी आणखी एकदा झटकली, धूळ निघून जावी म्हणून. त्यानंतर दोघीही बोलू शकत नव्हत्या. व्हरांड्यात कोणीतरी खोकलं, मग समोरच्या खोलीत. दारं उघडली. ओढण्या नाकाला लावून मुली जिन्याकडे पळाल्या. नवापूरची खाटेवर पुढं वाकून, हात टेकून बसली होती आणि तिचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. तिला दमा होता. मला ते माहीत नव्हतं. तिनं उशीखालून पंप काढला, तोंडाला लावला. एकदा, परत एकदा. मी तिच्या पाठीवर हात ठेवायला गेले तर तिनं हाताला झटका देऊन मला लांब केलं. धडगावचीनं तिला धरून बाहेर मोकळ्यावर नेलं.

मी खोलीच्या मधोमध गोधडी धरून उभी. मला काहीच झालं नव्हतं. ना शिंक, ना ठसका.

रेक्टर मॅडम पदर तोंडाला लावून वर आल्या. "काय जाळलंत? खरं सांग."

"काही नाही जाळलं, मॅडम. गोधडी झटकली."

"गोधडी झटकल्यावर मजला रिकामा होतो?"

त्यांनी कोपरे पाहिले, डस्टबिन पाहिलं, माझी पेटीसुद्धा उचकून पाहिली. जळलेली मिरची सापडली नाही. समोरच्या खोलीतली एक सीनियर म्हणाली, "मॅडम, ह्या गावाकडच्या पोरी नजर उतरवतात. मीठ-मिरची ओवाळून जाळतात." दुसरी म्हणाली, "किंवा रॅगिंगच्या आधी आपणच रॅगिंग केलेलं बरं, असं वाटलं असेल." कोणी तरी हसलं, आणि हसता हसता खोकलं.

मी परत सांगितलं की गोधडी पथारीवर वाळवली होती. मॅडमनी ऐकून घेतलं. मग त्यांनी विचारलं, "मग सगळ्यांना झालं ते तुला का नाही झालं?"

खरं उत्तर होतं की आम्हाला होत नाही. पण ते त्या खोलीत उच्चारलं तर कसं ऐकू येतं हे मला कळत होतं. चोर म्हणतो, माझ्यावर कुत्रं भुंकत नाही, तसं.

नवापूरची संध्याकाळपर्यंत ठीक झाली. डॉक्टर येऊन गेले. तिच्या वडिलांचा फोन आला, तो मॅडमच्या मोबाइलवर व्हरांड्यातून सगळ्यांना ऐकू आला. त्यांचं म्हणणं एकच होतं. त्या मुलीला आमच्या मुलीच्या खोलीतून काढा, नाहीतर आम्ही वर तक्रार करू. मॅडम मला म्हणाल्या, "एकही खाट रिकामी नाही. आठवडाभरात काय ते बघते. तोपर्यंत ती गोधडी गच्चीवर. आणि तुझ्या घरी कळवावं लागेल."

तक्रार. हा शब्द ऐकला आणि आबांनी फुईला दिलेला शब्द आठवला.

सोमवारी वर्ग सुरू झाले. पहिल्या तासाला ॲनाटॉमीचे सर आले आणि सगळं इंग्रजीत. माणसाच्या शरीरात हाडं असतात एवढं मला कळलं, ते आधीही माहीत होतं. मी कानाला जे ऐकू येईल ते देवनागरीत लिहीत गेले. शेजारच्या मुलीनं माझी वही पाहिली आणि तोंड फिरवून हसली. मग ओळख करून द्यायची होती, उभं राहून, इंग्रजीत. मी गाव सांगितलं, नाव सांगितलं, पुढचं वाक्य आलं नाही. मागच्या बाकावरून कोणीतरी हळूच खोकलं. खोट्या खोकल्याचा आवाज वेगळा असतो, लगेच ओळखू येतो. दुसऱ्यानं साथ दिली. सरांना वाटलं हवा बदलली आहे. ते म्हणाले, खिडक्या लावून घ्या.

दुपारपर्यंत ते कॉलेजभर झालं. पहिल्या वर्षाचा व्हॉट्सॲप ग्रुप रविवारीच तयार झाला होता. त्यात कोणीतरी लाल मिरचीचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, 'रूममेट हवी आहे का?' त्याखाली हसरे चेहरे. मी ग्रुप सोडला नाही. सोडला असता तर तेही त्यांना दिसलं असतं.

माझं वागणंच बदललं. मी सगळे कपडे सोड्यानं धुतले, मग साबणानं, मग परत. केस रोज धुतले. नोव्हेंबरात गार पाण्यानं. मेसमध्ये मी टेबलाच्या टोकाला बसायचे. भाजी दुसऱ्यानं वाढली तरच घ्यायचे, उगाच कोणाला वाटू नये की माझा हात लागला. लॅबमध्ये काचेची नळी धरताना मी हात ॲप्रनला पुसायचे. हात कोरडे, स्वच्छ, तरी पुसायचे. नाकाला विचारावं तर नाकाला काही कळत नव्हतं. आपल्या अंगाला कसला वास येतो हे आपल्याला कळू नये, आणि बाकी सगळ्यांना कळावं, याच्याइतकं अवघड मला पुढं कधी काही वाटलं नाही. परीक्षासुद्धा नाही.

धडगावची मात्र माझ्याशी सरळ बोलत राहिली. गोधडी गच्चीवर गेल्यावर तिनं तिची एक चादर माझ्या खाटेवर टाकली. मी नको म्हटलं. ती म्हणाली, "घे. आमच्या घरात चुलीचा धूर इतका, की माझी आई चादरीवरून ओळखते कोणतं लाकूड जाळलं. माझाही वास येत असेल तुला."

"नाही येत."

"मला पण तुझा नाही येत. म्हणजे आपल्या दोघींची नाकं गेली." आणि तोंडावर हात ठेवून हसली.

नवापूरची पहिले दोन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. खाट तिनं खिडकीशी ओढून घेतली होती. बुधवारी दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. ती पुस्तकाला कव्हर घालत होती. मान वर न करता म्हणाली, "तू खरंच मुद्दाम नाही केलंस?"

"नाही."

"मग तुला का नाही खोकला आला?"

तोच प्रश्न. पण ती मॅडमसारखी विचारत नव्हती. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. म्हणून मी सांगितलं. पथारी, देठ, मायचे हात, आबांच्या भाकरी, सगळं. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "आमच्या दुकानात मिरची पोत्यात येते. पप्पा मला तिकडे जाऊच देत नाहीत." तिनं कव्हरची घडी दाबली. "मी पप्पांना सांगितलं की तिनं मुद्दाम नाही केलं. ते म्हणतात मुद्दाम केलं काय आणि तसंच झालं काय, श्वास एकच असतो."

त्यांचं बरोबर होतं. तिच्या जागी मी असते तर माझ्या आबांनीही हेच म्हटलं असतं. मी तिथं राहून तिला रोज माझी भीती वाटावी हेही मला नको होतं. पण खोली सोडायची म्हणजे होस्टेल सोडायचं, होस्टेल सोडायचं म्हणजे कॉलेज, आणि कॉलेज सोडलं की विसरवाडी.

गुरुवारी मॅडमनी घरी फोन केला. फोन आबांनी उचलला तेव्हा फुई ओट्यावर बसलेली होती. हे मला संध्याकाळी भावानं सांगितलं. "फुई म्हने, शनवारले जाईसन तिले लई येवानं. आबा काहीच नही बोलनात." मी विचारलं, माय काय म्हणाली? तो म्हणाला, माय पथारीवरून आली नव्हती अजून.

माझ्याकडे शुक्रवार उरला होता. सकाळच्या प्रॅक्टिकलला माझं लक्ष नव्हतं. बाईंनी दोनदा हटकलं. मेसला जेवायला गेले तेव्हा स्वयंपाकघरामागं एक दार उघडं दिसलं. आत गव्हाची पोती, तेलाचे डबे, एक मोडकं बाकडं. कोठीची खोली. वर एक झरोका होता. तळमजल्यावर एकटीच, कोणाच्या खोलीला लागून नाही. मी तिथं उभी राहिले आणि खाट कुठं बसेल ते नजरेनं पाहिलं. मग तशीच ऑफिसात गेले.

"मॅडम, मला कोठीची खोली द्या."

मॅडम आधी समजल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "अगं, तिथं माणूस राहत नाही. तिथं गहू राहतो."

"गहू एका बाजूला लावते. मी लावते. दुसऱ्या कोणाला कामाला लावू नका."

"पंखा नाही. उंदीर आहेत."

"आमच्याकडेही आहेत."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. वाईट बाई नव्हत्या त्या, हे मी आता समजू शकते. शंभर मुलींची जबाबदारी आणि वर पालकांचे फोन. म्हणाल्या, "एकटी मुलगी तळमजल्यावर. उद्या काही झालं तर मला विचारतील. तुझे वडील समोर उभे राहून हो म्हणाले तर देते. नाहीतर नाही."

म्हणजे सगळं आबांवर आलं. आणि आबांचा शब्द आधीच दुसरीकडे दिलेला होता.

शनिवारी ते दोघं आले. आबांनी धुतलेला सदरा घातला होता, बसच्या धक्क्यांनी पाठ आखडली होती, ते दारापासून भिंतीला धरत आले. मला पाहून त्यांनी पहिलं विचारलं, "जेवनी का?"

मी हो म्हटलं. खोटं होतं.

फुई खुर्चीवर बसली नाही. मॅडमसमोर उभी राहूनच मला म्हणाली, "चार दिन नही व्हयनात, आनि हाऊ तमासा. पोरी शिकाले जातस, तू खोकला वाटाले उनी का?"

मॅडमना अहिराणी पुरती कळत नव्हती, पण हे कळलं असावं. त्या खाली बघू लागल्या.

"चाल," फुई म्हणाली. "पेटी भर तुन्ही."

मी आबांकडे पाहून म्हटलं, "मी येत नही, आबा."

फुईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी कधी विसरणार नाही. रागानं नाही. तिला खरंच वाटत होतं की ही पोर स्वतःचं वाटोळं करते आहे. ती आबांना म्हणाली, "आयक तुन्ही पोर काय म्हनी ऱ्हायनी."

मॅडमनी तेव्हा आबांना कोठीची खोली आणि आपली अट सांगितली. आबा म्हणाले, "ती खोली मला दाखवा."

आम्ही सगळे मेसच्या मागं गेलो. आबांनी आत पाऊल टाकलं, पोत्यांवर हात ठेवून उभे राहिले, श्वास घेतला. झरोक्याकडे पाहिलं. बल्ब लावून पाहिला. मग त्यांनी आम्हाला बाहेर थांबवलं, दार आतून ओढून घेतलं आणि कडी घातली. आतून दाराला खांदा लावून ते ढकलत होते, आवाज येत होता. पाठ गेलेला माणूस. एकदा, परत एकदा, मग जरा थांबून आणखी जोरात. फुई म्हणाली, "काय करी ऱ्हायना हाऊ?"

कडी निघाली. आबा घामानं भिजून बाहेर आले आणि मॅडमना त्यांच्या तोडक्या मराठीत म्हणाले, "कडी आतून धड आहे. राहू द्या तिला."

फुईचा आवाज एकदम खाली आला. "तू माले शब्द देल व्हता, भाऊ."

"देल व्हता," आबा म्हणाले. "मोडना."

शब्द मोडला, याहून जास्त त्यांनी काही सांगितलं नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. मॅडमनी दोघांना चहा मागवला. फुईनं घेतला नाही. बसस्टँडपर्यंत ती पुढं आणि आबा मागं, भिंतींचा आधार घेत चालले. मी फाटकापर्यंत गेले. आबा वळले नाहीत. वळायला पाठ देत नव्हती, की वळायचं नव्हतं, माहीत नाही.

संध्याकाळी धडगावचीनं माझी खाट उतरवायला मदत केली. पोती आम्ही दोघींनी भिंतीला लावली. नवापूरची पायरीवर लांब उभी होती, नाकाला ओढणी. म्हणाली, "माझा पंप तुझ्या दारात ठेवून जाऊ का? उंदरांना लागेल." मला हसू आलं, आणि रडूही. मी डोळे पुसले नाहीत. आम्ही जिवाच्या मैत्रिणी झालो असं नाही. पण चार वर्षं ती माझ्याशी नीट बोलली, आणि मी तिच्या खोलीत कधी गेले नाही.

फुई त्यानंतर आमचा उंबरा चढली नाही. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, लेकी-बहिणी माहेरी येतात, झोके बांधतात. त्या वर्षी आबांनी सकाळपासून ओट्यावर बसून वाट पाहिली. फुई आली नाही. पुढच्या वर्षीही नाही. आबांना एकच बहीण. विसरवाडीच्या मुलाचं दुसरीकडे जमलं, त्याचं बरं चाललं आहे, हे ऐकून मला बरंच वाटलं. पण आबांची आखाजी माझ्यामुळे गेली ती गेली. ते कधी बोलून दाखवत नाहीत. सणाच्या दिवशी भाकरी थापताना दाराकडे बघत असतात एवढंच.

कोठीच्या खोलीत मी पहिलं वर्ष पूर्ण काढलं. दुसऱ्या वर्षी वर एक खाट रिकामी झाली, मॅडमनी विचारलं, मी नको म्हटलं. तिथं अभ्यास चांगला व्हायचा. पहिल्या सत्रात एका विषयात मी नापास झाले, तो पुढच्या वेळी काढला. इंग्रजी शब्द देवनागरीत लिहायचे बंद व्हायला वर्ष गेलं. नंतर एकही विषय राहिला नाही.

मी बी. फार्म. पूर्ण केलं. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली. आता मी नोंदणीकृत फार्मासिस्ट आहे आणि जिल्ह्यातल्याच एका सरकारी दवाखान्यात औषधं देते. माय आता पथारीवर जात नाही.